अल्पसंख्य मुसलमान आणि अमानतीचे कर्तव्य



शाळेतून परतलेले मूल दप्तर खाली ठेवते आणि विचारते, ‘अम्मी, वर्गातली मुले मला विचारतात की तुम्ही रोज्यात पाणीसुद्धा का पीत नाही, पश्चिमेकडे तोंड करून नमाज का पढता. मी त्यांना काय सांगू?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेक घरांत कधी ना कधी विचारला गेला असेल. त्यावर साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. एक असे की, बाळा, गप्प राहा, कोणाशी वाद घालू नकोस. दुसरे असे की, त्या मुलांत फार मिसळू नकोस. दोन्ही उत्तरांमागे आईबापांची माया असते आणि भीतीही असते. परंतु पहिल्या उत्तराने मूल आपला धर्म झाकायला शिकते आणि दुसऱ्याने शेजारी तोडायला शिकते. इस्लामने यांपैकी काहीही शिकविलेले नाही. मग त्याने काय शिकविले आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. शंभरांतील अकरा-बारा. गावोगावी हे प्रमाण बदलते; कोठे अर्धा मोहल्ला आपला असतो, तर कोठे संपूर्ण गावात चारच घरे असतात. आपण संख्येने थोडे आहोत ही वस्तुस्थिती आहे. या वस्तुस्थितीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे मात्र आपल्या ईमानावर अवलंबून आहे.

संख्येविषयी कुरआनची दृष्टी

पवित्र कुरआनात ज्या प्रेषितांच्या हकिकती आल्या आहेत, त्यांतील बहुतेक जण आपापल्या समाजात अल्पसंख्यच होते. हजरत नूह (अ.) यांच्यावर फार थोड्या लोकांनी विश्वास ठेवला, असे सूरह हूदमध्ये सांगितले आहे. सूरह बकरहमध्ये तालूतच्या सैन्याच्या प्रसंगी हे स्पष्ट केले आहे की, अल्लाहच्या आज्ञेने लहान गट कित्येकदा मोठ्या गटाला भारी ठरले. सूरह अनफालमध्ये श्रद्धावंतांना त्यांचे जुने दिवस आठवण्यास सांगितले आहे, जेव्हा ते थोडे होते, दुर्बल समजले जात होते आणि लोक आपल्याला उचलून नेतील या धास्तीत वावरत होते. त्या आठवणीचा हेतू त्यांनी कृतज्ञ व्हावे हा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण हजरत यूसुफ (अ.) यांचे आहे. परक्या मुलुखात ते गुलाम म्हणून विकले गेले, निर्दोष असताना तुरुंगात पडले. ज्या राज्यात त्यांचा धर्म मानणारे दुसरे कोणी दिसत नव्हते, त्याच राज्याच्या कोठारांची जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागितली. ती मागताना त्यांनी स्वतःचे दोन गुण सांगितले: मी सांभाळ करणारा आहे आणि मला त्यातील ज्ञान आहे. पुढे दुष्काळाची सात वर्षे आली तेव्हा त्या कोठारांतील धान्य संपूर्ण मिसरच्या प्रजेच्या मुखी पडले. घेणाऱ्याचा धर्म कोणता, असा प्रश्न तेथे नव्हता. आणि तुरुंगात असताना आपल्या दोन सोबत्यांना एकाच अल्लाहच्या उपासनेचे आवाहन करण्यासही ते विसरले नव्हते. धर्म झाकला नाही आणि लोकांची सेवाही सोडली नाही.

येथे जो गुण दिसतो त्याला इस्लामी परिभाषेत अमानत म्हणतात. आपण बोलताना अमानत म्हणजे कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू असा अर्थ घेतो. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. सूरह निसामध्ये अमानती ज्यांच्या त्यांना पोचविण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने वागण्याचीही आज्ञा आहे. ठेव ही अमानत आहे, पद ही अमानत आहे, शेजाऱ्याची अब्रू ही अमानत आहे. आणि ज्यांच्यापर्यंत सत्य पोचलेले नाही, त्यांच्यापर्यंत ते योग्य रीतीने पोचविणे हीसुद्धा अमानत आहे. अल्पसंख्य मुसलमानाच्या जीवनाचा हाच कणा आहे, हे पुढील तीन उदाहरणांतून आपण पाहू.

मक्केतील ठेवी

प्रेषितत्व मिळण्यापूर्वीच मक्केतील लोक आदरणीय मुहम्मद (स.) यांना ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, या नावाने ओळखत असत. प्रेषितत्वाची घोषणा झाल्यावर तेच लोक त्यांचे विरोधक झाले. छळ झाला, बहिष्कार झाला, शेवटी ठार मारण्याचा कट झाला. तरीही विलक्षण गोष्ट अशी की, मक्केतील लोकांच्या ठेवी त्यांच्याच घरी होत्या. त्यांचा धर्म ज्यांना मान्य नव्हता, त्यांनाही आपला माल ठेवण्यास त्यांच्याइतका भरवशाचा माणूस सापडत नव्हता.

हिजरतच्या वेळी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले आणि सर्व ठेवी ज्यांच्या त्यांना परत करून मगच मदीनेला येण्यास सांगितले, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे. घराभोवती मारेकऱ्यांचा वेढा असताना ही व्यवस्था झाली होती. ज्यांनी आपल्याला गाव सोडायला लावले त्यांचा माल नेला तर काय बिघडले, असा विचार कोणी त्या वेळी केला असता तर त्याला दोष देणे कठीण झाले असते. परंतु अमानत समोरच्याच्या वर्तनावर ठरत नाही. ती अल्लाहसमोरच्या उत्तरदायित्वावर ठरते.

वाचकहो, आपल्या दुकानातील तराजू, आपल्या कारखान्यातील दिलेल्या वेळेचा शब्द, आपल्या रिक्षात विसरलेली पिशवी, या सर्वांकडे या प्रसंगाच्या उजेडात पाहावे. एका मुसलमान गवंड्याने सिमेंट कमी घातले, तर त्या घराचा मालक केवळ त्या गवंड्याविषयी बोलत नाही, तो आपल्या सगळ्यांविषयी बोलतो. हे न्यायाचे नाही, हे खरे. परंतु असे घडते. थोड्यांमधील एकाची चूक सर्वांच्या नावावर लिहिली जाते. म्हणून थोड्यांमधील प्रत्येकाची जबाबदारी अधिक जड असते.

हबशातील दरबार

मुसलमान प्रथमच एका परधर्मीय राज्यात अल्पसंख्य म्हणून राहिले ते हबशामध्ये, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूच्या प्रदेशात. प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, इ.स. ६१५ च्या सुमारास, कुरैशांचा जाच असह्य झाल्यावर प्रेषितांनी आपल्या काही अनुयायांना तिकडे जाण्यास सांगितले. कारण तेथील ख्रिस्ती राजा, ज्याला नज्जाशी म्हणत, त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही, असे त्यांना ठाऊक होते. येथे क्षणभर थांबावे. आश्रयस्थान निवडताना प्रेषितांनी पाहिले ते राजाचा न्याय. त्याचा धर्म वेगळा आहे ही गोष्ट आड आली नाही. पहिल्या तुकडीत हजरत उस्मान (रजि.) आणि प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. नंतर गेलेल्या मोठ्या समुदायाचे प्रवक्ते हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) होते.

कुरैशांनी नजराण्यांसह आपले दोन वकील राजाकडे धाडले आणि या लोकांना आमच्या हवाली करा, अशी मागणी केली. राजाने मुसलमानांना बोलावून विचारले. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) या स्वतः त्या वेळी हबशात होत्या आणि हा संपूर्ण वृत्तान्त त्यांनीच सांगितलेला आहे. हजरत जाफर यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा: आम्ही अज्ञानात होतो, मूर्ती पूजत होतो, मेलेले जनावर खात होतो, नाती तोडत होतो, शेजाऱ्यांशी वाईट वागत होतो, बलवान दुर्बळाला गिळत होता. मग अल्लाहने आमच्यातूनच एक प्रेषित पाठविला, ज्याचे कुळ, सचोटी आणि विश्वासूपणा आम्हाला आधीपासून ठाऊक होता. त्याने आम्हाला एका अल्लाहची उपासना शिकविली, खरे बोलण्यास, अमानत परत करण्यास, नाती जोडण्यास आणि शेजाऱ्याशी चांगले वागण्यास शिकविले.

या भाषणाची मांडणी लक्षात घ्यावी. राजासमोर इस्लामची ओळख करून देताना एकेश्वरवादाच्या लगोलग शेजारधर्म आणि अमानत आली. धर्माचा परिचय असा दिला की ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाला तो कळावा. त्यानंतर राजाने विनंती केल्यावर त्यांनी सूरह मरयमचा प्रारंभीचा भाग वाचून दाखविला, आणि तो ऐकताना राजाच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले.

परंतु कसोटी दुसऱ्या दिवशी लागली. कुरैशांच्या वकिलांनी राजाला सांगितले की, हे लोक येशूविषयी भलतेच बोलतात. पुन्हा बोलावणे आले. मुसलमान आपसांत चिंतेत पडले. ख्रिस्ती राजासमोर येशूंना ईश्वराचा पुत्र न मानणारी श्रद्धा सांगणे म्हणजे आश्रय गमावण्याची जोखीम होती. एखादे गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. त्यांनी ठरविले की, जे प्रेषितांनी शिकविले तेच सांगावयाचे. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे दास, त्याचे प्रेषित, त्याचा रूह आणि मरयमकडे पाठविलेला त्याचा शब्द आहेत, असे हजरत जाफर यांनी निःसंकोच सांगितले. राजाने ते मान्य केले, कुरैशांचे नजराणे परत केले आणि मुसलमानांना अभय दिले.

हजरत उम्मे सलमा पुढची एक गोष्ट सांगतात, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. काही काळाने नज्जाशीविरुद्ध एक प्रतिस्पर्धी उठला आणि लढाई जुंपली. मुसलमानांना आयुष्यात क्वचितच इतके दुःख झाले असेल. त्यांनी राजाच्या विजयासाठी अल्लाहकडे दुआ केली. रणांगणाची बातमी आणण्यासाठी त्यांच्यातील तरुण हजरत जुबैर (रजि.) हवा भरलेल्या कातडी पखालीच्या आधाराने नील नदी पोहून पलीकडे गेले. राजा जिंकल्याची खबर आली तेव्हा या लहानशा समुदायात आनंदीआनंद झाला. ज्या भूमीने न्याय दिला तिचे सुखदुःख त्यांनी आपले मानले. हा समुदाय बारा-तेरा वर्षे तेथे राहिला, त्यांची मुले तेथेच जन्मली, आणि हिजरी ७ मध्ये खैबरच्या वेळी हजरत जाफर आपल्या साथीदारांसह परतले. पुढे नज्जाशीच्या निधनाची वार्ता आली तेव्हा प्रेषितांनी मदीनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली.

कोकण किनाऱ्यावरील साक्ष

आता आपल्या मातीकडे वळू. कित्येकांची अशी समजूत असते की, महाराष्ट्रात इस्लाम आला तो उत्तरेकडून आलेल्या सैन्यांबरोबर. वास्तविक त्याच्या शतकानुशतके आधी तो कोकण किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून उतरला होता.

बगदादचा प्रसिद्ध प्रवासी आणि इतिहासकार अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, सैमूर या बंदरात येऊन गेला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते आणि याच भूमीत जन्मलेले मुसलमानही होते. त्यांना तेव्हा ‘बयासिरा’ म्हणत. राज्य राष्ट्रकूटांचे होते. अरब लेखक त्या सम्राटाला ‘बल्हरा’ म्हणत. मुसलमानांचे आपसांतील व्यवहार आणि तंटे पाहण्यासाठी राजाने मुसलमानांतीलच एक प्रमुख नेमलेला असे. त्याच्या हुद्द्याचे नाव ‘हुनरमन’ असे होते. बल्हराच्या राज्यात इस्लामला मान व संरक्षण आहे आणि तेथे मशिदी आहेत, असेही मसऊदीने नोंदविले आहे. हे राज्यकर्ते आपल्या धर्माचे नव्हते आणि प्रजाही बहुतांशी आपल्या धर्माची नव्हती. तरीही हा विश्वास निर्माण झाला. व्यापार शब्दावर चालतो आणि ज्याचा शब्द पाळला जात नाही त्याला दुसऱ्या हंगामात बंदरात कोणी उभे करीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरी साक्ष तांब्यावर कोरलेली आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. त्यात संजाण प्रांताच्या एका अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. तो ‘ताजिक’ म्हणजे अरब होता. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमति’ असे आले आहे आणि हे ‘मुहम्मद’ याचेच रूप असल्याचे अभ्यासक सांगतात. सुगतिप या नावानेही तो ओळखला जाई. त्याच्या कारभाराचे वर्णन करताना लेखात काय नोंदले आहे ते पाहा: दोन नद्यांवर लोकांना मोफत ने-आण करणारी तर सुरू केली आणि संजाणला एक अन्नसत्र घातले, जेथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे.

एका मुसलमान अधिकाऱ्याची अकराशे वर्षांपूर्वीची आठवण म्हणून शिल्लक राहिली ती तर आणि जेवणाची पंगत. पावसाळ्यात खाडी ओलांडणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. होडीचे भाडे ज्याच्यापाशी नाही त्याला पलीकडे पोचविणे आणि भुकेल्याला जेवू घालणे, ही दोन्ही कामे कुरआन व हदीसच्या शिकवणुकीतील आहेत, आणि घेणारी प्रजा बहुतांशी हिंदू होती.

याच ताम्रपटात एका मठिकेला राजाच्या संमतीने जमीन दिल्याची नोंद आहे, आणि तो व्यवहार या अधिकाऱ्यामार्फत झालेला दिसतो. येथे काही वाचकांच्या मनात प्रश्न उभा राहील. मुसलमानाने यात भाग घ्यावा काय? आपण त्या काळच्या माणसाचा न्यायनिवाडा करावयास बसलेलो नाही. त्याचा हिशोब अल्लाहपाशी आहे. परंतु एक गोष्ट कुरआनात स्पष्ट आहे. सूरह हजमध्ये मशिदींच्या आधी मठ, ख्रिस्ती व यहुदी लोकांची प्रार्थनास्थळे यांचा उल्लेख आहे आणि अल्लाह काही लोकांकरवी दुसऱ्यांना रोखत नसता तर ही सर्व स्थळे उद्ध्वस्त झाली असती, असे म्हटले आहे. दुसऱ्याच्या उपासनास्थळाचे रक्षण आणि त्याच्या हक्काची जमीन त्याला मिळू देणे हे न्यायाचे काम आहे. त्याच्या उपासनेत सहभागी होणे ही वेगळी गोष्ट आहे. हा भेद ओळखणे अल्पसंख्य मुसलमानाला अत्यंत आवश्यक आहे.

पुढे कोकणच्या याच किनाऱ्यावर, माहीम येथे, मखदूम अली माहिमी (र.) यांच्यासारखे विद्वान झाले. त्यांनी कुरआनवर अरबीत भाष्य लिहिले. ज्ञानाची गंगोत्री अरबस्तानात असली तरी तिचे पाणी येथल्या जमिनीत मुरले होते, याची ही खूण आहे. इतिहासात सर्वकाळ सलोखाच होता, असा दावा कोणी करू नये. भांडणे झाली, रक्तही सांडले. परंतु या किनाऱ्यावर आपली पहिली ओळख शब्द पाळणारे शेजारी म्हणून झाली होती, हे विसरणे म्हणजे वडिलोपार्जित दस्तऐवज हरविण्यासारखे आहे.

शेजाऱ्याची भाषा हीसुद्धा अमानत

आता आपण लेखाच्या प्रारंभीच्या मुलाकडे परत येऊ. त्याला उत्तर ठाऊक नसते असे नाही. पुष्कळदा त्याला उत्तर मराठीत ठाऊक नसते. मदरशात त्याने ते उर्दूत ऐकलेले असते, नमाजेत तो अरबी वाचतो, आणि प्रश्न मराठीत आलेला असतो. या तीन भाषांमधील पूल कोणी बांधून दिलेला नसतो.

अरबी ही कुरआनची भाषा आहे. तिचे स्थान दुसरी कोणतीही भाषा घेऊ शकत नाही. उर्दूत आपल्या दीनी ज्ञानाचे मोठे भांडार आहे. तिचे ऋण मान्य आहे. परंतु सूरह इब्राहीममध्ये अल्लाहने सांगितले आहे की, प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविला गेला, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे. प्रेषितांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी व भाषा शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली.

या संदर्भात एक छोटीशी हदीस फार गोड आहे. हबशात वाढलेली एक लहान मुलगी, उम्मे खालिद, आपल्या कुटुंबासह परत आली. प्रेषितांनी तिला नक्षी असलेले एक वस्त्र स्वतः पांघरले आणि त्या नक्षीकडे बोट दाखवून ते हबशी भाषेत म्हणाले, ‘सनाह, सनाह’, म्हणजे छान, छान. ती मुलगी अरब होती, प्रेषितांची भाषा अरबी होती, तरीही तिच्या कानाला ओळखीचा असलेला परमुलुखातला शब्द त्यांनी वापरला. ती भाषा विसर, असे ते म्हणाले नाहीत. परक्या देशात वाढलेल्या मुलाच्या जिभेवर आलेली भाषा त्याच्या ईमानाला बाधक नसते, हा धडा त्या एका शब्दात आहे.

मराठी तर आपल्याला परकी नाहीच. कोकणातल्या, देशावरच्या, मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत ती चुलीपाशी बोलली जाते. आणि मराठीनेही आपले शब्द पोटात घेतले आहेत. हक्क, कायदा, वकील, तारीख, हिशोब, मदत, गरीब, मालक हे शब्द अरबीतून आले आणि आज कोणताही मराठी माणूस ते परके समजत नाही. ज्या भाषेत ‘हक्क’ आणि ‘हिशोब’ हे शब्द आधीच रुजले आहेत, त्या भाषेत हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क आणि आखिरतचा हिशोब समजावून सांगणे कठीण का वाटावे?

म्हणून पालकांनी मुलांना रोजा, नमाज, जकात, एकेश्वरत्व, प्रेषितत्व आणि परलोक या गोष्टी चार-चार सोप्या मराठी वाक्यांत सांगता येतील, इतकी तयारी घरीच करून घ्यावी. कुरआनचे मराठी भाषांतर घरात असावे आणि ते केवळ कपाटात नसावे. जेथे लोकांना मराठी अधिक कळते, तेथे जुम्याच्या दिवशी खुतब्यापूर्वीचे बयान मराठीत व्हावे.

मर्यादा कोठे आहे

मिसळणे म्हणजे विरघळणे नव्हे. सूरह काफिरूनमध्ये उपासनेची सीमारेषा आखलेली आहे. तुमचा धर्म तुम्हाला आणि माझा धर्म मला, हा तिचा आशय आहे. उपासना, शिर्कचे विधी, हराम खाणेपिणे यांत तडजोड नाही. परंतु या रेषेच्या अलीकडे सद्वर्तनाचे केवढे मोठे अंगण आहे, ते प्रेषितांच्या जीवनात पाहावे. एक यहुदी मुलगा आजारी पडला तेव्हा ते त्याच्या समाचाराला गेले. एका यहुदी माणसाचा जनाजा चालला असता ते उठून उभे राहिले. हजरत असमा बिन्ते अबी बक्र (रजि.) यांची अनेकेश्वरवादी आई भेटीला आली तेव्हा तिच्याशी नाते सांभाळण्याची त्यांनी परवानगी दिली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हे विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला काय. सूरह मुम्तहनामध्ये तर स्पष्ट आहे की, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही.

शेजाऱ्याच्या सणात त्याच्या घरी जाऊन आनंदाचे चार शब्द बोलणे आणि त्याच्या पूजेत हात जोडणे यांतील फरक सुज्ञ माणसाला समजतो. शंका येईल तेथे आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारावे. आणि न जमणारी गोष्ट शेजाऱ्याला तोंड वळवून न सांगता हसतमुखाने सांगावी. हजरत जाफर यांनी राजाला सांगितले, तसे.

शेजाऱ्याला त्रास न होऊ देणे हाही ईमानाचाच भाग आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो खरा मोमिन नाही, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा म्हटली आहे. मग जुम्याच्या नमाजेला जाताना दुसऱ्याच्या दारात आडवी लावलेली गाडी, किंवा कुरबानीनंतर उघड्यावर राहिलेले अवशेष, हे कोणत्या शाखेत मोडतात? याचे उत्तर प्रत्येक जमातीने स्वतःला द्यावे.

अन्याय झाला तर

काही वाचक म्हणतील, हे सर्व ठीक आहे, पण समोरून तसाच प्रतिसाद येत नाही. नाव ऐकून घर भाड्याने नाकारले जाते, नोकरीच्या ठिकाणी टोमणे ऐकावे लागतात. हे दुःख खोटे नाही आणि ते गिळून टाका असा उपदेश करणेही योग्य नाही. इस्लाम जुलूम सहन करण्याला पुण्य म्हणत नाही. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्या मार्गाने मागावा. हबशातील मुसलमानांनीही राजासमोर उभे राहून आपली बाजू मांडलीच होती.

परंतु सूरह माइदामध्ये बजावले आहे की, एखाद्या जनसमूहाच्या वैरामुळे तुमचा तोल जाऊ नये आणि तुम्ही अन्यायाकडे वळू नये. न्याय करा, तेच ईशभयाला अधिक जवळचे आहे. एकाने घर नाकारले म्हणून दुसऱ्या निरपराध गिऱ्हाइकाला लुबाडणे हा सूड नव्हे, तो आणखी एक जुलूम आहे. सूरह हा-मीम सजदामध्ये वाईटाचे निवारण उत्तम वर्तनाने करण्याची आज्ञा आहे. त्यामुळे वैरी जिवलग मित्रासारखा होऊ शकतो, परंतु ही गोष्ट संयम बाळगणाऱ्यांनाच साधते, असेही तेथे म्हटले आहे. संयम म्हणजे हतबलता नाही. राग आलेला असतानाही ठेव परत करणे, हा संयम आहे.

घरी चर्चेसाठी

या आठवड्यात मुलांना जवळ बसवून पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. हजरत जाफर (रजि.) यांनी नज्जाशीला दिलेले उत्तर आपल्या शब्दांत मराठीत सांगता येईल काय? शेजाऱ्याने आज तोच प्रश्न विचारला तर आपण काय सांगू?

२. आपल्या घराकडे सध्या कोणाकोणाच्या अमानती आहेत? उसने आणलेले पैसे, दिलेला शब्द, सांगितलेले गुपित, नोकरीतील जबाबदारी, या सर्वांची आठवण करावी.

३. आपल्या आसपासच्या मुसलमानेतर शेजाऱ्यांपैकी कोण आजारी आहे, कोण एकटे आहे, कोणाकडे मृत्यू झाला आहे? गेल्या वर्षभरात आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो?

४. आपल्या वागण्यातील कोणत्या गोष्टीने शेजाऱ्याला त्रास होतो? ती याच महिन्यात कशी थांबविता येईल?

वाचक बंधू-भगिनींनो, आपण थोडे आहोत की पुष्कळ, हे आपल्या हाती नाही. तो अल्लाहचा निर्णय आहे. आपल्या हाती जे सोपविले आहे त्याचेच उत्तर आपल्याला द्यावयाचे आहे. पुढच्या वेळी मुलाने दप्तर ठेवून तोच प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका आणि दूरही ओढू नका. त्याला जवळ घेऊन नीट मराठीत उत्तर शिकवा, आणि ज्याने प्रश्न विचारला त्या मित्राला ईदच्या दिवशी घरी बोलावण्यास सांगा.

हे अल्लाह, आम्हाला अमानतदार बनव. आमच्या जिभेवर सत्य आणि आमच्या वागण्यात न्याय दे. ज्या भूमीत तू आम्हाला जन्म दिलास तेथे शांतता, न्याय आणि बरकत नांदू दे. आमच्या मुलांच्या ईमानाचे रक्षण कर आणि आमच्या शेजाऱ्यांसाठी आम्हाला भलाईचे साधन बनव. आमीन.